कॉफीच्या पाकिटावरचे नाव : वेगळेपणाच्या धडपडीची पार्श्वभूमी

भाजलेल्या कॉफीच्या दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर रोज कॉफी पिणाऱ्यालाही नुसत्या नजरेने त्यांतली चांगली कोणती हे सहसा सांगता येत नाही. दाणे दिसायला सारखेच असतात आणि दळून पूड केली की उरलासुरला फरकही दिसेनासा होतो. कॉफीचा ब्रँड उभा करू पाहणाऱ्या प्रत्येकाची अडचण इथूनच सुरू होते. माल डोळ्यांना ओळखू येत नाही, म्हणून तो नावाने ओळखू यावा लागतो. आज या गर्दीत उतरणारा नवा विक्रेता ‘ताजी’, ‘शुद्ध’, ‘एकाच मळ्यातली’, ‘शेतकऱ्याला रास्त भाव देणारी’ असे शब्द पाकिटावर छापतो आणि शेजारच्या पाकिटावरही तेच शब्द असतात. हे शब्द आले कुठून याचा माग काढला, तर त्यांतला प्रत्येक शब्द कधीतरी गिऱ्हाइकाच्या मनातल्या एका खऱ्या शंकेचे उत्तर होता असे आढळते. उत्तरामागे काही नवे काम होते तोवर त्या शब्दाने वेगळेपण दिले. ते काम सर्वांना जमू लागले, किंवा कामावाचून नुसता शब्द छापता येऊ लागला, की ते वेगळेपण विरून गेले.

कॉफीची पहिली ओळख कोणा व्यापाऱ्याच्या नावाची नव्हती, बंदराची होती. येमेनच्या डोंगरांत पिकलेली कॉफी तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरातून जहाजांवर चढत असे. खुद्द मोखाच्या रेताड किनाऱ्यावर कॉफीचे झाड उगवत नाही, तरीही युरोपातल्या गिऱ्हाइकाला तेच नाव ठाऊक झाले. पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर लागवड सुरू केली आणि अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच तिथला माल ॲमस्टरडॅमला पोहोचू लागला. ‘मोखा’ आणि ‘जावा’ ही दोन नावे दीडशे वर्षांहून अधिक काळ चांगल्या कॉफीची खूण म्हणून चालली. पण त्या नावांचा धनी कोणीच नव्हता. त्यामुळे बारीक दाण्याचा कुठलाही माल मोखा म्हणून आणि मोठ्या दाण्याचा जावा म्हणून खपवला जाऊ लागला. ज्या नावाची राखण करणारे कोणी नसते ते कसे सैल पडत जाते, याचे कॉफीच्या व्यापारातले हे सर्वांत जुने उदाहरण आहे.

त्याहून मोठी शंका शुद्धतेची होती. एकोणिसाव्या शतकात दळून विकल्या जाणाऱ्या कॉफीत चिकोरीचे मूळ, भाजलेले धान्य, वाटाणे असे बरेच काही मिसळले जाई आणि ब्रिटनमध्ये तर ही भेसळ रासायनिक तपासणीने ओळखता येत नाही, असे सरकारदरबारी सांगितले जात होते. आर्थर हिल हॅसल या वैद्याने १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या दुकानांतले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांतल्या बहुतेकांमध्ये भेसळ असल्याचे दाखवून दिले आणि ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात दुकानदारांच्या नावांसह हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वनस्पतीच्या पेशींची ठेवण भाजल्यावर आणि दळल्यावरही ओळखता येते, एवढ्या साध्या गोष्टीवर ही तपासणी उभी होती. ‘शुद्ध’ हा शब्द आज आपण न वाचताच पुढे जातो, परंतु त्या काळच्या गिऱ्हाइकासाठी तो जीव मुठीत धरून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होता.

आजच्या अर्थाने ज्याला कॉफीचा ब्रँड म्हणता येईल, तो अमेरिकेत यादवी युद्धानंतर आकाराला आला. तोपर्यंत तिथे बहुतेक घरांत कच्चे, हिरवट दाणे विकत आणून चुलीवरच्या तव्यावर भाजत. कधी दाणे करपत, कधी आतून कच्चे राहत आणि मूठभर करपलेले दाणे सगळ्या घाण्याची चव बिघडवत. जेबेझ बर्न्स यांनी १८६४ मध्ये आपोआप रिकाम्या होणाऱ्या भाजणी-यंत्राचे पेटंट घेतले. भाजणीचे पिंप आगीवरून न उतरवताच दाणे बाहेर काढता येऊ लागल्याने मोठ्या प्रमाणावर एकसारखी भाजणी शक्य झाली. पिट्सबर्गच्या आर्बकल बंधूंनी नेमके हेच हेरले. त्यांनी भाजलेली कॉफी एकेक पौंडाच्या कागदी पाकिटांत भरून विकायला सुरुवात केली आणि १८७३ मध्ये ‘अरिओसा’ हे नाव बाजारात आणले.

त्या पाकिटाकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. वर उडत्या देवदूताचे चित्र होते, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही ते मागता येई. आत दाण्यांवर साखर आणि अंड्याचा पातळ लेप दिलेला असे, जेणेकरून हवा लागून चव उतरू नये. दाण्यांसोबत पेपरमिंटच्या गोळीची एक कांडी असे. पाकिटावर छापलेली सही कापून जपून ठेवायची आणि अशा पुरेशा सह्या जमल्या की त्यांच्या बदल्यात हातरुमाल, वस्तरा, पडदे, अगदी लग्नाची अंगठीसुद्धा मागवायची, अशी सोय होती. पश्चिमेकडच्या गुराख्यांच्या तांड्यांत कॉफीला ‘आर्बकल’ असेच म्हटले जाऊ लागले. यांतली गोळी आणि कूपने पुढे सर्वांनी उचलली, कारण ती उचलणे सोपे होते. माझ्या मते मात्र अरिओसाला नाव मिळाले ते आधी लेपामुळे आणि एकसारख्या भाजणीमुळे. या पाकिटातली चव पुढच्या पाकिटात तशीच मिळेल, ही खात्री त्याआधी कोणीही देऊ शकलेले नव्हते.

त्यानंतरची चढाओढ ताजेपणाची होती. चेस अँड सॅनबॉर्न यांनी १८७८ मध्ये भाजलेली कॉफी मोहोरबंद डब्यांत विकायला घेतली, सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सनी १९०० मध्ये निर्वात डबे आणले आणि ट्रिएस्टेच्या फ्रान्चेस्को इली यांनी १९३० च्या दशकात डब्यातली हवा काढून तिथे दाबाखाली निष्क्रिय वायू भरण्याची पद्धत बसवली. यामागे कॉफीचा एक अवघड स्वभाव आहे. भाजल्यानंतर दाणे कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतात. लगेच बंद केले तर पाकीट फुगून फुटते आणि उघडे ठेवले तर प्राणवायू लागून सुगंध उडतो व तेल खवट होते. पाकिटाच्या वरच्या भागात आज जी एकमार्गी झडप दिसते, ती आतला वायू बाहेर सोडते पण बाहेरची हवा आत येऊ देत नाही. ती इटलीतल्या वेष्टनतज्ज्ञांच्या कामातून आली आणि तिने हा पेच सोडवला. आज ही झडप साध्यातल्या साध्या पाकिटावरही असते, त्यामुळे तिचा उल्लेख करून कोणीही वेगळे ठरत नाही.

विसाव्या शतकात ब्रँड मोठ्या कंपन्यांच्या हाती गेले. नॅशव्हिलच्या जोएल चीक यांनी १८९२ मध्ये आपले मिश्रण मॅक्सवेल हाउस या हॉटेलला विकले आणि हॉटेलचेच नाव कॉफीला दिले. कॉफीची प्रत उसन्या प्रतिष्ठेवर सांगण्याचा हा मार्ग पुढे फार चालला. मॅक्सवेल हाउस १९२८ मध्ये आणि चेस अँड सॅनबॉर्न १९२९ मध्ये मोठ्या खाद्यसमूहांत विलीन झाले, तर फोल्जर्स हा कॉफीचा आणखी एक ब्रँड १९६३ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने घेतला. रेडिओ आणि मग दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा खर्च वाढत गेला, भावाची चढाओढ तीव्र झाली आणि मिश्रणांत रोबस्टा या स्वस्त, कडवट जातीच्या कॉफीचे प्रमाण वाढले. नावे दुमदुमत राहिली आणि पेल्यातली कॉफी मात्र एकमेकींसारखी होत गेली. या काळाकडे मी ब्रँडच्या यशाचा काळ म्हणून पाहू शकत नाही.

झटपट कॉफीची कथा याच काळातली असली तरी तिने शिकवलेला धडा निराळा आहे. ब्राझीलमध्ये १९२९ च्या मंदीनंतर कॉफीचे ढीग साचले, तेव्हा टिकाऊ स्वरूपातली कॉफी तयार करावी अशी मागणी नेस्लेकडे गेली आणि मॅक्स मॉर्गेनथालर यांच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९३८ मध्ये ‘नेसकॅफे’ बाजारात आली. सोय उघड होती, तरीही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत अनेक गृहिणी ती घ्यायला नाखूष होत्या. विचारले की त्या सांगत, चव आवडत नाही. मेसन हेअर या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. कीमा, पाव, गाजरे, बेकिंग पावडर, डबाबंद पीच आणि बटाटे हे दोन्हींत सारखेच होते. फक्त एका यादीत नेसकॅफे आणि दुसरीत दळलेली मॅक्सवेल हाउस होती. ही यादी करणारी बाई कशी असेल, एवढेच त्याने विचारले. नेसकॅफेची यादी पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांनी तिला आळशी ठरवले, दुसऱ्या यादीच्या वाट्याला हा शिक्का क्वचितच आला. अडसर चवीचा नव्हता, ‘मला लोक काय म्हणतील’ याचा होता. त्यामुळे वेळ वाचतो एवढेच सांगून भागणार नव्हते, वाचलेला वेळ घरच्यांसाठी लागतो हे सांगावे लागणार होते.

दोषालाच ओळख करण्याचे उदाहरण इटलीत घडले. अखिले गाज्जा यांच्या दांडीच्या यंत्रातून १९४८ पासून वाफेऐवजी मोठ्या दाबाच्या गरम पाण्याने कॉफी निघू लागली आणि पेल्यावर तांबूस फेस येऊ लागला. तोवर असा फेस कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे हा साका कसला असा संशय घेतला गेला. गाज्जा यांनी फेस घालवण्याच्या खटपटीऐवजी त्याला ‘नैसर्गिक कॉफीची साय’ असे नाव दिले आणि ते यंत्रावरच झळकवले. आज फेस नसलेला एस्प्रेसो परत पाठवला जातो.

आतापर्यंतच्या या सगळ्या कथेत शेतकरी कुठेच दिसत नाही. मिश्रणात सगळ्या देशांची कॉफी एकत्र होत असल्याने उत्पादकाचे नाव पुसलेच जाई. कोलंबियाच्या उत्पादकांच्या महासंघाने, ज्याची स्थापना १९२७ मध्ये झाली होती, ही रीत मोडली. त्यांच्यासाठी न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबाक या जाहिरात संस्थेने १९५९ मध्ये हुआन वाल्देस हे पात्र घडवले. रुंद हॅट, खांद्यावर घडी घातलेले वस्त्र आणि सोबत खेचर असा हा शेतकरी प्रत्यक्षात कोणी नव्हता, त्याचे काम नटाने केले. परंतु डोंगरउतारावर पिकलेली फळे एकेक करून हाताने वेचावी लागतात, हे त्याने गिऱ्हाइकाला दाखवले आणि ते खरे होते. महासंघाने १९८१ पासून त्याचे चित्र ‘शंभर टक्के कोलंबियन’ कॉफीचे चिन्ह म्हणून वापरले. कच्चा माल विकणाऱ्यांनी अंतिम गिऱ्हाइकाशी थेट बोलण्याचे इतके मोठे उदाहरण त्याआधी कॉफीत नव्हते.

मोठ्या ब्रँडांच्या सपाट चवीला उत्तर म्हणून छोटे भाजणारे पुढे आले. आल्फ्रेड पीट यांनी १९६६ मध्ये बर्कलीत दुकान काढले, १९७१ मध्ये सिॲटलला स्टारबक्स सुरू झाले आणि एर्ना क्नुटसेन यांनी १९७४ मध्ये ‘स्पेशालिटी कॉफी’ ही संज्ञा वापरली. विशिष्ट हवामानात आणि विशिष्ट भूभागात पिकलेल्या, स्वतःची चव असलेल्या दाण्यांसाठी तो शब्द होता. पुढे स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झ यांनी १९८३ च्या मिलान भेटीनंतर कॉफीइतकीच बसण्याची जागा विकण्याची कल्पना लावून धरली, तर १९८६ मध्ये आलेल्या नेस्प्रेसोने यंत्र आणि कॅप्सूल यांची जोडी घालून गिऱ्हाईक बांधून घेतले. या दोन्ही वाटांची नक्कल भरपूर झाली, म्हणून त्यांवर अधिक थांबत नाही.

रास्त भावाचा प्रश्न याच सुमारास ऐरणीवर आला. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातील शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची कॉफी १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ या, रास्त भावाची हमी देणाऱ्या मुद्रेखाली विकली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी निर्यात-कोट्यांची आंतरराष्ट्रीय व्यवस्था कोसळली आणि उत्पादकांना मिळणारे भाव झपाट्याने उतरले. त्या पडझडीत या मुद्रेचे मोल सर्वांच्या लक्षात आले. ब्राझीलमध्ये १९९९ पासून ‘कप ऑफ एक्सलन्स’ या स्पर्धेत परीक्षकांनी चव घेऊन निवडलेल्या कॉफीचा लिलाव सुरू झाला. पनामातल्या एस्मेराल्दा मळ्याची ‘गेशा’ ही जात २००४ च्या लिलावात पौंडाला २१ डॉलर या तेव्हाच्या विक्रमी भावाने गेली आणि मळ्याचे, जातीचे नाव पाकिटावर घालण्याची चाल रूढ झाली. गेशाचे मूळ इथिओपियाचे. त्याच इथिओपियाने २००५ मध्ये हरार, सिदामो आणि यिर्गाचेफे ही आपल्या कॉफी-प्रदेशांची नावे अमेरिकेत व्यापारचिन्हे म्हणून नोंदवायला घेतली. अमेरिकेतल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेने हरकत घेतली आणि २००७ मध्ये स्टारबक्ससोबत करार होऊन वादाचा मोठा भाग मिटला. मोखाच्या नावाची राखण करायला कोणी नव्हते. इथे मात्र एक अख्खा देश आपल्या नावांसाठी उभा राहिला.

आता मळा, उंची, जात, प्रक्रिया, चवीचे वर्णन हे सगळे बहुतेक पाकिटांवर असते. त्यांतून एक बारीक नोंद मात्र मी आवर्जून शोधतो, ती म्हणजे भाजल्याची तारीख. गोदामांत महिनोन्‌महिने माल ठेवणाऱ्याला ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ एवढेच छापणे परवडते. भाजल्याचा दिवस छापणाऱ्याला तेवढ्या दिवसांत माल संपवावाच लागतो, नाहीतर तीच तारीख फळीवर उभी राहून त्याच्याविरुद्ध साक्ष देते. म्हणून तो थोडा थोडा भाजतो, दुकानांना कमी आणि वरचेवर पुरवतो आणि उरलेली पाकिटे स्वतःच परत घेतो.