साबुदाणा की पिठलं? शेकरमधली बुरशी कशी वाढली ते आधी बघा

एकच ॲस्परजिलस नायजर बुरशी, एकच पोषक माध्यम, दोन फ्लास्क एकाच शेकरवर, म्हणजे फ्लास्क सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर. तीन दिवसांनी एका फ्लास्कमध्ये साबुदाण्यासारख्या गोळ्या, दुसऱ्यात पिठल्यासारखा लगदा. गोळ्यांचा फ्लास्क देखणा, म्हणून नोंदवहीत ‘वाढ उत्तम’ लिहून मोकळं होतात. वजन करा, लगदाही बहुधा तितकाच भरेल. फरक आहे तो विकर (एन्झाइम) बाहेर सोडण्यात.

प्रथिनं मुख्यतः तंतूच्या वाढत्या टोकातून बाहेर पडतात. सुट्या बुरशीत, म्हणजे लगद्यात, अशी टोकं भरपूर. गोळीत मात्र जिवंत काम वरच्या थरात, आत ऑक्सिजन पुरत नाही. मोठी गोळी ब्लेडने कापून बघा, मधोमध पोकळी किंवा पिवळट, मऊ गाभा दिसेल. गाभा विरघळला की पेशीतली प्रथिनं द्रवात येतात आणि ब्रॅडफर्डचा, म्हणजे प्रथिनं मोजायच्या रंगचाचणीचा, 595 नॅनोमीटरचा आकडा वर जातो. पण पेक्टिनेजची, म्हणजे पेक्टिन तोडणाऱ्या विकराची, क्रिया तिथेच. म्हणून नुसत्या ब्रॅडफर्डवर कधीही विसंबू नये.

सुटी बुरशी मग सरळ चांगली? तसंही नाही. लगदा दाटला की ढवळण्याला दाद देत नाही, आणि हवा सगळ्यांनाच कमी पडते. फर्मेंटरमध्ये, म्हणजे वाढीच्या टाकीत, हे जास्त जाचतं. गोळ्यांचं द्रव पातळ राहतं, गाळणंही सोपं. सायट्रिक आम्लवाले बारीक गोळ्या मुद्दाम घडवतात.

कोणता प्रकार मिळेल, हे बऱ्याच अंशी पहिल्या काही तासांत ठरतं. ॲस्परजिलसचे बीजाणू फुगताना एकमेकांना चिकटतात. पाच-सात दिवसांच्या स्लांटवरचे (नळीतल्या तिरप्या आगरवरचे) बीजाणू 0.1 टक्के ट्वीन 80 मध्ये (साबणासारखं, गुठळ्या सोडवणारं द्रव्य) घ्या, निर्जंतुक काचलोकरीतून गाळा, न्यूबॉअर चेंबरमध्ये (मोजणीसाठी चौकटी आखलेली काच) मोजा. 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 50 मिली माध्यम, 30 अंश, 200 आरपीएम. मिलीला 10 हजार बीजाणू टाकले तर सहसा थोड्या, मोठ्या गोळ्या. 10 लाख किंवा वर गेलात तर बारीक किंवा सुटी वाढ. ‘एक लूप’, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर येतील तेवढे बीजाणू, हे प्रमाण नव्हे. दोन फ्लास्क वेगळे का वागले, याचं उत्तर बहुधा त्या लूपमध्येच असतं.

संत्र्याच्या सालीवर ही बुरशी वाढवणाऱ्यांची नागपुरात कमी नाही. सालीचे कण गोळीत अडकतात आणि बुरशीचं वजन म्हणून मोजले जातात. वाढ मोजायची असेल तेव्हा पेक्टिनचं द्रावण वापरा. सालीच पाहिजेत तर ग्लुकोसामाइन, म्हणजे बुरशीच्या पेशीभित्तिकेतला घटक, मोजावं लागेल. सालीतली साखर डीएनएसच्या (विकराने सुटलेली साखर मोजायच्या चाचणीच्या) 540 नॅनोमीटरच्या वाचनातही घुसते, तेव्हा उकळलेल्या विकराचा ब्लँक (वजा करायचा तुलनेचा नमुना) हवाच.

मे महिन्यात बाहेर 45 अंश, आणि शीतकरण नसलेला शेकर 30 वर राहतच नाही. कोरड्या हवेत कापसाच्या बोळ्यातून पाणीही उडतं. 50 मिलीचे 42 झाले तर प्रथिनाचा आकडा काहीही न घडता 19 टक्क्यांनी फुगतो. फ्लास्क सुरुवातीला बोळ्यासकट तोला, नमुना काढण्याआधी पुन्हा तोला आणि जेवढं वजन घटलं तेवढंच निर्जंतुक पाणी घाला. आणि आधी काचेच्या बशीत चमचाभर द्रव काळ्या कागदावर ठेवून गोळ्यांचा फोटो काढा. वजनासाठी गाळल्यावर गोळी आणि लगदा, दोन्ही सारखेच दिसतात.