मेंदूच्या नकाशावरचा लाल ठिपका कोणाचा?

'गणित सोडवताना मेंदूचा हा भाग उजळतो' अशी बातमी लाल ठिपक्याच्या चित्रासह येते. मेंदूत काही उजळत नसतं. प्राणवायूयुक्त रक्ताचं प्रमाण बदललं की एमआरआयच्या सिग्नलमध्ये एखाद्या टक्क्याचा फरक पडतो. अनेकांचे असे फरक तपासून ठिपका काढलेला असतो. लासलगावला कांद्याचा सरासरी भाव फुटला म्हणून तुमच्या ट्रॉलीला काय मिळालं ते कळत नाही, तसंच हे. एकेका माणसाचा आकडा वेगळा काढावा लागतो.

एसपीएम या मेंदूचे स्कॅन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाच्या फोल्डरात 'कॉन' (दोन स्थितींमधल्या सिग्नलचा फरक) आणि 'एसपीएमटी' (त्याच फरकाचा टी) अशा फाइली असतात. नवखे हमखास टी उचलतात. टी म्हणजे फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या फरकातली अनिश्चितता. डोकं हलवणाऱ्याची त्रुटी वाढते आणि टी घसरतो, प्रतिसाद इतरांएवढाच असला तरी. जास्त वेळ स्कॅन झालेल्याचा टी उगाच चढतो. म्हणून कॉन घ्या. एफएसएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच 'कोप'. तरीही वजनं, म्हणजे स्कॅनच्या प्रत्येक सत्राचा फरक किती पटीनं धरला ते, तपासाच. एकाची सत्रं तीन, दुसऱ्याची दोन आणि प्रत्येक सत्राला वजन १, तर प्रतिसाद सारखा असूनही पहिल्याचा आकडा दीडपट येतो. वजनांची बेरीज सगळ्यांची सारखी ठेवा.

मग मास्क, म्हणजे मेंदूच्या हव्या त्या भागात १ आणि बाकी सगळीकडे ० असलेला नकाशा; त्यातल्या १ च्या जागांची सरासरी काढायची. एफएसएलचा २ मिमीचा प्रमाण मेंदूचा साचा ९१×१०९×९१ व्हॉक्सेलचा (म्हणजे चित्रातल्या छोट्या घनांचा), एसपीएम१२चा नेहमीचा ७९×९५×७९. म्हणून मास्क आधी कॉनच्या जाळीवर 'निअरेस्ट नेबर' (सर्वांत जवळच्या व्हॉक्सेलचा आकडा जसाच्या तसा घेणाऱ्या) पद्धतीनं बसवा, नाहीतर ०-१ च्या मध्ये अपूर्णांक घुसतात. कडेला सिग्नल नसेल तिथे एसपीएम 'नॅन' ('आकडा नाही') लिहितं, त्यामुळे साधी सरासरीच नॅन येते आणि चूक लगेच दिसते. एफएसएल तिथे ० ठेवतं. तो शून्य सरासरीत गुपचूप मिसळतो, म्हणून जास्त घातक.

ज्या ठिपक्यात फरक सापडला त्यातूनच आकडे काढून 'परिणाम केवढा मोठा' म्हणणं ही शुद्ध फसगत. ठिपका निवडलाच मुळी तो मोठा होता म्हणून! मास्क शरीररचनेच्या ॲटलासवरून किंवा वेगळ्या लोकांच्या डेटावरून आधीच ठरवा.

शेवटी हाती आकड्यांचा एक रकाना येतो, ओळीमागे एक माणूस, पण नावं नसतात. फाइली अक्षरक्रमानं लागल्या तर १० नंबर २ च्या आधी येतो आणि एकाचा मेंदू दुसऱ्याच्या वयाशी जुळतो. क्रमांक सुरुवातीपासून ००२, ०१० असेच द्या.