निवळीतील प्रथिनांचे विलगीकरण

दही पंच्यात टांगले की चक्का वर राहतो आणि हिरवट-पिवळी निवळी गळते. बडोद्यातल्या मराठी घरांत ती कणीक भिजवायला जाते. याच शहरातल्या सुगम डेअरीसारख्या ठिकाणी श्रीखंड यंत्रांवर बनते, तिथे ती टाक्या भरून निघते. तरीही प्रथिने वेगळी करायला ही निवळी फारशी कामाची नाही. दह्यासाठी दूध ८५–९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्या उष्णतेत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे निवळीतले मुख्य प्रथिन उलगडते, केसीनला (ज्या प्रथिनाने दही घट्ट बसते त्याला) चिकटते आणि चक्क्यातच राहते. श्रीखंडाचा उतारा त्यामुळे वाढतो, निवळी मात्र गरीब होते. इथे वेगळे करायचे आहे ते लॅक्टोफेरिन, म्हणजे लोह धरणारे नाजूक प्रथिन, तेही या तापात टिकत नाही. म्हणून चीजची निवळी घ्यावी. तिचे दूध बहुधा ७२ अंशांवर १५ सेकंदच तापवलेले असते.

प्रथिनाचा एकूण विद्युतभार ज्या सामूला (pH) शून्य होतो, तो त्याचा समविद्युत बिंदू. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा तो ५.२च्या आसपास, लॅक्टोफेरिनचा ८च्या वर. त्यामुळे सामू ६.५ असताना लॅक्टोफेरिन व लॅक्टोपेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) धनभारित राहतात आणि धन-आयन विनिमय रेझिनला, म्हणजे स्तंभात (उभ्या नळीत) भरलेल्या ऋणभारित कणांना, धरतात. बाकीची प्रथिने वाहून जातात. आंबट निवळी (सामू साधारण ४.५) तशीच सोडली, तर बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनही धनभारित असते आणि रेझिनवरची जागा अडवते.

आधी सेंट्रिफ्यूजमध्ये स्निग्धांश आणि केसीनचा चुरा काढावा, मग ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून निवळी गाळावी. हे टाळले की स्तंभाचे तोंड बुजते, दाब चढतो आणि रेझिनचा थर दबतो. आंबट निवळीचा सामू वाढवायचा असेल, तर ती थंड ठेवून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, ढवळत घालावे. कोमट निवळीत ते घाईने ओतले की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा गढूळपणा येतो आणि गाळण्या भरतात.

स्तंभ बफरने (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुतल्यावर ०.३ मोलर मिठाच्या द्रावणाने लॅक्टोपेरॉक्सिडेज सुटते, सुमारे १ मोलरने लॅक्टोफेरिन. त्यातल्या लोहामुळे हा भाग फिकट गुलाबी दिसतो. ती खूण डोळ्यांनाही पुरते. गाईच्या दुधात लॅक्टोफेरिन लिटरला साधारण ०.१ ग्रॅम, तेव्हा १०० लिटरमधून फार तर १० ग्रॅम हाती लागते. मीठ काढायला ३० किलोडाल्टनहून (हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) मोठे रेणू अडवणारे पटल चालते, कारण लॅक्टोफेरिन सुमारे ८० किलोडाल्टनचे आहे. रेझिन आधी तीव्र मिठाने, मग १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने धुवावे. स्निग्धांश साचून राहिला की पुढच्या खेपेस धारणक्षमता घटते.