व्हॅलेरियनची मुळी झोपेच्या गोळीत कशी आली

मराठी घरात तगर म्हणजे अंगणातलं पांढऱ्या फुलांचं झुडूप. पहाटे परडीत पडणारी आणि देवाला वाहिली जाणारी ही फुलं सगळ्यांच्या ओळखीची. पण वैद्यांच्या चिठ्ठीत ‘तगर’ लिहिलेला असेल आणि ती चिठ्ठी काष्ठौषधींच्या दुकानात दाखवली, तर पुडीत वेगळंच काही येतं: हिमालयाच्या उतारांवर वाढणाऱ्या एका लहानशा वनस्पतीची वाकडी, गाठाळ, उग्र वासाची मुळी. हे तगरमूळ. शास्त्रीय नाव व्हॅलेरियाना जटामान्सी. नावात जटामान्सी असलं तरी ती आपली जटामांसीही नव्हे. जटामांसी त्याच कुळातली, पण निराळी वनस्पती.

या तगरमुळाची युरोपातली सख्खी बहीण म्हणजे व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिस. झोप लागत नाही म्हणून ऑनलाइन शोधाशोध केली की ‘व्हॅलेरियन’ नावाच्या ज्या कॅप्सूल समोर येतात, त्या मूळच्या हिच्या. झोपेवरचं जवळजवळ सगळं आधुनिक संशोधन झालं तेही याच युरोपीय मुळीवर. नावांचा हा गोंधळ सुरुवातीलाच सांगितला, कारण पुढे व्हॅलेरियनच्या पुराव्यात जो पेच पडला आहे, त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे: आपण नेमकं काय खातो आहोत?

जाहिरातींत नेहमी वाचायला मिळतं की व्हॅलेरियन हजारो वर्षांपासून झोपेसाठी वापरलं जातं. जुने ग्रंथ उघडले तर चित्र तसं दिसत नाही. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस ‘फू’ नावाच्या मुळीचं वर्णन करतो. अभ्यासक ती व्हॅलेरियनच्याच गोतातली मानतात. तिचे गुण तो सांगतो ते असे: शरीरात ऊब आणणारी, लघवी साफ करणारी, पाळी आणणारी, कुशीतलं दुखणं कमी करणारी. आता चरकसंहितेकडे वळू. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात औषधांचे पन्नास गट दिले आहेत. त्यातल्या शीतप्रशमन गटात, म्हणजे थंडी घालवणाऱ्या दहा द्रव्यांत, तगराचं नाव पहिलं आहे. त्याच्या मागोमाग अगुरू, धने, आलं. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन वैद्यपरंपरांनी या दोन बहिणींना ‘उष्ण’ ठरवावं, हे मला फार लक्षणीय वाटतं. झोप हा तेव्हा या मुळीचा मुख्य धर्म नव्हता. आपल्याकडे तर तिची ख्याती सुगंधी द्रव्य म्हणूनच अधिक होती. धम्मपदात फुलांचा, चंदनाचा, तगराचा गंध वाऱ्याच्या उलट दिशेला जात नाही, असं म्हटलं आहे.

मेंदूशी या मुळीचा संबंध ठळकपणे जोडला गेला तो १५९२ साली, इटलीतल्या नेपल्समध्ये. फाबियो कोलोना नावाच्या तरुण अभ्यासकाला फेफरं येत असे. डायोस्कोरिडीसची ‘फू’ म्हणजे नक्की कोणती वनस्पती, याचा शोध घेत तो व्हॅलेरियनपर्यंत पोहोचला, तिची मुळी स्वतः घेऊन पाहिली आणि आपलं फेफरं गेलं असं त्याने आपल्या ग्रंथात लिहिलं. एका माणसाच्या अनुभवाला आज आपण पुरावा म्हणणार नाही. फेफऱ्याचे झटके मधल्या काळात आपोआपही थांबतात. पण त्या एका नोंदीने युरोपातल्या वैद्यकाची दिशा बदलली. पुढची दोन-अडीच शतकं व्हॅलेरियन ‘मज्जातंतूंचं औषध’ म्हणून दिलं गेलं: अपस्मार, उन्माद, छातीतली धडधड, बेचैनी आणि त्या काळी स्त्रियांच्या कपाळी सर्रास मारला जाणारा ‘हिस्टेरिया’ हा शिक्का. १८२० सालच्या अमेरिकेच्या पहिल्या औषधकोशात ते होतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडवर बॉम्ब पडत होते, तेव्हा घाबरलेल्या लोकांना शांत करण्यासाठीही ते वापरलं गेलं. अस्वस्थ माणसाला शांत करणारं औषध रात्री घेतलं की झोप लागते, अशा आडवाटेने ते झोपेच्या औषधांत येऊन बसलं.

दरम्यान रसायनशास्त्राने या मुळीतून एक वेगळीच गोष्ट बाहेर काढली. ताज्या मुळीला फारसा वास नसतो. ती वाळायला लागली की आतले घटक फुटतात आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल मोकळं होतं. दिवसभर वापरलेल्या मोज्यांचा जो वास येतो, त्यामागेही हेच आम्ल असतं. त्याच्या भावंडाला, व्हॅलेरिक आम्लाला, नाव मिळालं ते या मुळीवरूनच. १८८२ साली बेव्हर्ली बर्टन या रसायनशास्त्रज्ञाने त्याच घराण्यातलं एक नवं आम्ल प्रयोगशाळेत तयार केलं: व्हॅल्प्रोइक आम्ल. पुढची ऐंशी वर्षं ते केवळ द्रावक म्हणून वापरलं गेलं. १९६२ साली फ्रान्समध्ये पिएर एमार आणि त्यांचे सहकारी काही नव्या संयुगांची अपस्मारावर चाचणी घेत होते. ती संयुगं विरघळवायला त्यांनी व्हॅल्प्रोइक आम्ल घेतलं होतं. जे संयुग द्यावं ते गुणकारी ठरायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की गुण संयुगाचा नाही, द्रावकाचा आहे. आज जगभर, आपल्या सरकारी रुग्णालयांतही, अपस्मारासाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट ते हेच. कोलोनाने फेफऱ्यासाठी हातात घेतलेल्या मुळीचं नाव वागवणारं हे औषध फेफऱ्यावरचं प्रमुख औषध ठरलं, आणि तेही तिच्या अर्कातून न येता केवळ तिच्या नावाच्या रसायनकुळातून आलं. झोपेच्या गप्पांत ही हकीकत राहून जाते, याची मला हळहळ वाटते. जाता जाता: १९६३ साली बाजारात आलेल्या व्हॅलियम या चिंता कमी करणाऱ्या गोळीचा या वनस्पतीशी रासायनिक संबंध काहीही नाही, केवळ नावाचा उगम एक. लॅटिनमध्ये ‘व्हॅलेरे’ म्हणजे सशक्त असणं, निरोगी असणं.

मग झोप आणणारा घटक कोणता? वास आधीपासून सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून आधी संशय मुळीतल्या वासाच्या तेलावर गेला. १९५७ साली व्हॅलेरेनिक आम्ल वेगळं काढण्यात आलं. १९६६ साली जर्मनीत पीटर थीस यांना संयुगांचा एक नवाच गट सापडला. त्याला व्हॅलेपोट्रिएट म्हणतात. काही काळ वाटलं, कोडं सुटलं. पण ही संयुगं अत्यंत नाजूक: उष्णता लागली, ओल लागली, नुसती मुळी जुनी झाली तरी ती विघटित होतात. मुळीचा काढा केला तर त्यात ती जवळपास उरत नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक काढाच तर पीत होते. आज सर्वांत भक्कम दावेदार आहे ते पुन्हा व्हॅलेरेनिक आम्ल. मेंदूला शांत करणारा संदेश पेशींवरच्या ज्या गाबा-ए ग्राहींमार्फत (संदेश झेलणाऱ्या रेणूंमार्फत) जातो, त्यांवर ते काम करतं हे २००७ पर्यंत दाखवलं गेलं. २००९ मध्ये त्या ग्राहीत एकच बारीक बदल केलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. बदल नसलेल्या उंदरांची भीती या आम्लाने कमी झाली, बदललेल्या उंदरांवर परिणाम झाला नाही. हा सुंदर प्रयोग आहे. मात्र तो भीतीबद्दलचा आहे आणि उंदरांवरचा आहे. माणसाने गिळलेल्या एका कॅप्सूलमधून मेंदूपर्यंत पुरेसं आम्ल पोहोचतं का, याचं उत्तर त्यात नाही.

माणसांवरच्या चाचण्यांची कहाणी १९८२ पासून रंगते. स्वित्झर्लंडमध्ये पीटर लेदवूड आणि सहकाऱ्यांनी १२८ जणांना वेगवेगळ्या रात्री तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या: ४०० मिलिग्रॅम व्हॅलेरियनचा पाण्यातला अर्क, बाजारातलं एक तयार मिश्रण आणि प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. नुसत्या व्हॅलेरियनच्या रात्री झोप बरी लागली असं लोकांनी सांगितलं, विशेषतः ज्यांची झोप मुळात वाईट होती त्यांनी. १९८९ मध्ये स्वीडनमधल्या २७ जणांच्या चाचणीत ८९ टक्के लोकांनी झोप सुधारल्याचं सांगितलं आणि ४४ टक्क्यांनी तर अगदी छान झोप लागल्याचं. १९९६ मध्ये जर्मनीत १२१ रुग्णांना २८ दिवस ६०० मिलिग्रॅम अर्क दिला, तिथेही फायदा दिसला. २००२ मध्ये २०२ रुग्णांवर हाच अर्क १० मिलिग्रॅम ऑक्झाझेपाम या शामक गोळीच्या तोडीस तोड ठरला.

हे आकडे वाचून मोह होतो, आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत नेमके हेच छापले जातात. पण प्रत्येकाला एक ‘परंतु’ आहे. ऑक्झाझेपामच्या चाचणीत प्लासिबोचा गटच नव्हता. ती चाललेल्या सहा आठवड्यांत पुष्कळ लोकांची झोप आपोआपही सुधारू शकते, मग दोन्ही औषधं सारखीच ठरली याचा अर्थ दोन्ही उपयोगी, की दोन्ही तितकीच निरुपयोगी? आणि वासाचं काय? अशा चाचणीचा सारा प्राण यात असतो की कोणती गोळी खरी हे रुग्णाला कळू नये. व्हॅलेरियनची बाटली उघडली की खोलीभर वास सुटतो. साध्या गोळीला तो वास कसा द्यायचा, या प्रश्नाने संशोधक सुरुवातीपासून हैराण आहेत. ज्याला वासावरून कळलं की आपल्याला खरं औषध मिळालंय, त्याची रात्र त्या विश्वासानेही बरी जाऊ शकते.

म्हणून मग मोठ्या आणि काटेकोर चाचण्या आल्या. २००५ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून ३९१ जणांना सामील करून घेऊन कॅप्सूल टपालाने घरी पाठवल्या गेल्या. २८ दिवसांनंतर व्हॅलेरियन प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेली नॉर्वेतली चाचणी मला सर्वांत आवडते. तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीवरच्या आरोग्यविषयक कार्यक्रमाने प्रेक्षकांनाच आवाहन केलं, ४०५ जण सहभागी झाले आणि त्यांनी दोन आठवडे रोज झोपेची नोंद ठेवली. झोपेचा दर्जा सुधारल्याचं व्हॅलेरियनच्या गटात २९ टक्क्यांनी सांगितलं, प्लासिबोच्या गटात २१ टक्क्यांनी. फरक दिसतो, पण योगायोगाने पडू शकेल इतकाच. रात्र-रात्र मेंदूच्या विद्युत्‌लहरी मोजणाऱ्या प्रयोगशाळांतले निकाल आणखी थंड आहेत. २००९ मध्ये झोप नीट लागत नसलेल्या १६ वयस्क स्त्रियांना दोन आठवडे ३०० मिलिग्रॅम दिलं, फरक पडला नाही. उलट, २०११ साली इराणमधल्या रजोनिवृत्तीनंतरच्या १०० स्त्रियांच्या चाचणीत ३० टक्क्यांची झोप सुधारली आणि प्लासिबोवर फक्त ४ टक्क्यांची. तिथे झोप मोजली होती प्रश्नावलीने.

सगळ्या चाचण्यांची एकत्र मोजदाद केली की हीच दुफळी आणखी स्पष्ट होते. २००६ मध्ये १६ चाचण्यांतल्या १०९३ लोकांचा हिशेब झाला. झोप सुधारली असं सांगण्याची शक्यता व्हॅलेरियनमुळे सुमारे १.८ पट दिसली, पण अनुकूल निकालच अधिक छापले गेल्याची चिन्हंही त्यात होती. २०१० मध्ये १८ चाचण्या तपासल्या गेल्या. पुन्हा ‘बरं वाटलं’ म्हणणारे अधिक; मात्र झोप लागायला लागणाऱ्या वेळेतला फरक भरला ०.७० मिनिट. घड्याळात जेमतेम ४२ सेकंद.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. निद्रानाशाची तक्रार मुळात ‘मला झोप लागत नाही’ अशीच असते, त्यामुळे रुग्णाला बरं वाटणं हे क्षुल्लक नाही. घड्याळ आणि माणूस यांच्यात मी घड्याळाला आंधळेपणाने वरचढ मानणार नाही. पण फायदा केवळ सांगण्यातच दिसत असेल, तर त्या सांगण्यात विश्वासाचा वाटा किती हे वेगळं काढता आलं पाहिजे, आणि व्हॅलेरियनचा वास नेमकं तेच करू देत नाही.

नियामक आणि तज्ज्ञ संस्थांचे निर्णयही म्हणूनच फाकले. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने २०१६ साली विशिष्ट प्रमाणातल्या अल्कोहोलमध्ये काढलेल्या कोरड्या अर्काला सौम्य ताण आणि झोपेच्या तक्रारींसाठी ‘सुस्थापित वापरा’चा, म्हणजे चाचण्यांचा आधार मानणारा, दर्जा दिला; चूर्ण, चहा वगैरे बाकीच्या रूपांना मात्र केवळ ‘पारंपरिक वापरा’चा, म्हणजे दीर्घ वापरावर टेकलेला. अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०१७ साली याउलट सल्ला दिला: निद्रानाशावर उपचार म्हणून व्हॅलेरियन वापरू नये. पुरावा कमकुवत आहे आणि आपली शिफारसही कमकुवत दर्जाची आहे, असं तिने त्यासोबतच नोंदवलं.

२०२० साली ६० अभ्यासांचा, एकूण ६८९४ लोकांचा, आढावा निघाला. परिणाम इतके विसंगत का, याचं त्यातलं एक कारण आपल्याला सुरुवातीच्या पुडीकडे घेऊन जातं: प्रत्येक अभ्यासातला अर्क निराळा. कुठे पाण्यात काढलेला, कुठे अल्कोहोलमध्ये, कुठे नुसती दळलेली मुळी, कुठे सोबत दुसऱ्या वनस्पती. मुळी कधी खणली, कशी वाळवली, किती दिवस पडून होती, यावर आतलं रसायन बदलतं. प्रजाती बदलली तर आणखीच. आपल्या तगरमुळात व्हॅलेपोट्रिएट भरपूर असतात, पण व्हॅलेरेनिक आम्ल अत्यल्प. त्यामुळे स्वित्झर्लंड किंवा जर्मनीतल्या चाचण्यांचे आकडे तगराच्या चूर्णाच्या डबीवर छापले असतील, तर ते आकडे त्या डबीतल्या औषधाचे नाहीत. तगराला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मापाने तपासणाऱ्या तितक्याच मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात.

काही आठवड्यांच्या वापरात व्हॅलेरियन बहुतेकांना सोसतं; क्वचित डोकेदुखी, पोटाची तक्रार, सकाळी जडपणा. यकृताला इजा झाल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. दारू किंवा झोपेच्या इतर गोळ्यांबरोबर ते घेऊ नये, गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजताना टाळावं. डॉक्टरांना आपण घेत असलेल्या औषधांची यादी सांगताना त्यात ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून ते गाळू नये. कॅप्सूल विकत घ्यायचीच असेल तर वेष्टनावर तीन गोष्टी शोधाव्यात: वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव, अर्क कशात काढला ते, आणि व्हॅलेरेनिक आम्लाचं प्रमाण. या तिन्ही गोष्टी नसतील, तर आतापर्यंतच्या कोणत्या चाचणीतली मुळी आपण खातो आहोत हे सांगायला काही मार्ग उरत नाही.