लिचेसवरचे १८०० म्हणजे फिडेचे १८०० नव्हे

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर १८०० रेटिंग असलेला खेळाडू फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, स्पर्धेतही तितक्याच ताकदीचा ठरतो, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे आणि तो चुकीचा आहे. रेटिंग हे खेळाच्या दर्जाचे स्वतंत्र मोजमाप नसून, ज्या खेळाडूंशी आपण खेळतो त्यांच्याविरुद्ध किती गुण मिळतील याचा तो अंदाज असतो. अर्पाद एलो यांच्या, फिडेने १९७० मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीत रेटिंगमध्ये २०० ने वरचढ खेळाडूकडून शंभर डावांत सुमारे ७६ गुणांची (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) अपेक्षा धरली जाते, मग ते दोघे १६०० व १४०० असोत किंवा २६०० व २४००. अर्थ आहे तो फरकाला, आकड्याला नव्हे; आणि खेळाडूंचा समूह बदलला की आकडाही बदलतो. म्हणून ऑनलाइन १८०० असलेल्या मुलाला पहिले फिडे रेटिंग १५०० मिळाले, तर त्याचा खेळ घसरला असे पालकांनी कृपया मानू नये. लिचेसवर मार्क ग्लिकमन यांची ग्लिको-२ पद्धत आहे; तिथे सुरुवात १५०० पासून होते आणि अंदाजातील अनिश्चितताही मोजली जाते, त्यामुळे नवख्याचे रेटिंग मोठ्या उड्या घेते. चालींची अचूकता यांपैकी कोणतीही पद्धत पाहत नाही; ती पाहते फक्त निकाल.