आपत्कालीन नियंत्रण कक्ष, स्थानिक

संकटाची वर्दी घेणे आणि त्यावरून पोलीस, अग्निशमन बंब किंवा रुग्णवाहिका रवाना करणे, ही कामे लहान नगराने किंवा काउंटीने (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाने) आपल्याच कक्षात ठेवण्याची पद्धत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती विशेष रूढ आहे. वर्दी घेणारा आणि पथक धाडणारा निरनिराळ्या ठिकाणी बसत असतील, तर अशा कक्षाला काटेकोर अर्थाने स्थानिक म्हणता येत नाही. बरेच लेखक मात्र हा भेद पाळत नाहीत.

उगम : ही पद्धत अमेरिकेतील ९११ या आपत्कालीन दूरध्वनी क्रमांकाबरोबर आली असे सरसकट लिहिले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. लंडनमध्ये १० नोव्हेंबर १९३५ रोजी विंपोल स्ट्रीटवरील आगीत पाच स्त्रिया दगावल्या. त्यानंतर ३० जून १९३७ पासून तेथे ९९९ हा आपत्कालीन क्रमांक सुरू झाला, पण तो दूरध्वनी केंद्रातील ऑपरेटर घेई व पुढे जोडून देई. कॅनडातील विनिपेगने १९५९ मध्ये हाच क्रमांक स्वीकारला. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने जानेवारी १९६८ मध्ये ९११ जाहीर केला. तेव्हा अलाबामा टेलिफोन या छोट्या स्वतंत्र कंपनीने तिच्यावर कडी केली आणि १६ फेब्रुवारी १९६८ रोजी हेलीव्हिल या लहान गावातून पहिला कॉल घडवून आणला. तो अलाबामा राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष रँकिन फाइट यांनी नगरभवनातून केला. काही वृत्तान्त महापौरांचे कार्यालय असे नेमके स्थळ देतात. पोलीस ठाण्यात तो काँग्रेस सदस्य टॉम बेव्हिल यांनी घेतला. ते नुसतेच ‘हॅलो’ म्हणाले, अशी आख्यायिका आहे. अलास्कातील नोम येथे आठवडाभरातच ही सोय झाली. हेलीव्हिलला पहिलेपणाचा मान द्यायचा तर तो क्रमांकापुरता नव्हे, घंटा थेट गावच्या ठाण्यात वाजली म्हणून द्यावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

विलीनीकरण : असे छोटे कक्ष मिटवून मोठे सामाईक केंद्र करावे, त्यात खर्च वाचतो, असा एक पक्ष आहे. त्याचा हिशेब असा : कक्ष अहोरात्र चालवायचा तर आठवड्याच्या १६८ तासांना ४० तासांच्या नोकरीने भागले तर एका खुर्चीला ४.२ माणसे लागतात. रजा-आजारपण धरून पाच. शिवाय रात्रपाळीचा एकटा कर्मचारी हृदयविकाराच्या वर्दीवर छाती दाबण्याच्या सूचना देत असेल, तर दुसरी घंटा कोण उचलणार? मोबाइल आल्यावर आणखी पेच पडला. कॉल मनोऱ्याच्या दिशेने जातो, त्यामुळे सीमेलगतची वर्दी शेजारच्या काउंटीत पोहोचते. स्थानिक कक्षाचे समर्थक कर्मचाऱ्यांच्या गावच्या माहितीवर भर देतात. ‘जुन्या गिरणीमागे’ एवढ्यावर त्यांना ठिकाण उमगते, आणि हे नकाशातून सहजी मिळत नाही.

बचतीचा दावा मात्र जपूनच घ्यावा. इंग्लंडमधील अग्निशमनाचे ४६ कक्ष मिटवून ९ प्रादेशिक केंद्रे करण्याची योजना २००४ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०१० मध्ये गुंडाळली गेली; किमान ४६ कोटी ९० लाख पौंड वाया गेल्याचे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने म्हटले. स्कॉटलंडमध्ये पोलिसांचे डम्फ्रिस, स्टर्लिंग इत्यादी कक्ष बंद होऊन काम मोठ्या केंद्रांकडे गेले. जुलै २०१५ मध्ये एम-९ महामार्गालगतच्या अपघाताची वर्दी बिलस्टन ग्लेन केंद्रात आली, पण संगणकात चढलीच नाही. मोटार तीन दिवसांनी सापडली आणि त्यातील दोघांचा मृत्यू झाला. दोष अंतराचा की नोंदीच्या शिस्तीचा, यावर मतभेद आहेत. दुसरा पक्ष सबळ दिसतो. ऱ्होड आयलंडमध्ये राज्यभरचा ९११ एकाच केंद्रात घेतला जातो व वर्दी गावच्या कक्षाकडे जोडून दिली जाते, म्हणजे लंडनची जुनीच रीत.

भारतात ११२ क्रमांकाची रचना राज्यवार आहे. महाराष्ट्रात हे कॉल नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात आणि जिल्हा नियंत्रण कक्षांकडे पाठवले जातात.