वाचकाची सूचना वेगळी, वाचकाची अडचण वेगळी

‘इन्स्टॉलेशनचं पान काही कळत नाही. व्हिडिओ टाका.’ एका छोट्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या, डॉक्सवर (वापराची माहिती देणाऱ्या पानांवर) आम्ही काम करत होतो, तेव्हा आलेला हा अभिप्राय. व्हिडिओ कोण करणार, नवी आवृत्ती आली की तो बदलणार कोण, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी अभिप्राय लिहिणाऱ्यालाच विनंती केली, की स्क्रीन शेअर करून एकदा आमच्यासमोर इन्स्टॉल करून बघा.

कारण लगेच दिसलं. पानावर प्रत्येक कमांडच्या आधी डॉलरचं चिन्ह छापलं होतं. टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, सवय असलेल्याला ठाऊक असतं, की ते चिन्ह टर्मिनल स्वतःच दाखवतं, आपण टाइप करायचं नसतं. या वाचकाने चिन्हासकट ओळ कॉपी केली आणि टर्मिनलने ‘कमांड सापडली नाही’ असं उत्तर दिलं. आम्ही चिन्हं काढून टाकली. पुढे व्हिडिओचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या एका अभिप्रायात दोन गोष्टी गुंतल्या होत्या. ‘व्हिडिओ टाका’ ही सूचना, म्हणजे वाचकाने स्वतःच शोधलेला उपाय. डॉलरचं चिन्ह ही अडचण, म्हणजे तो नेमका जिथे अडला ती जागा. दोन्हींना आपण फीडबॅकच म्हणतो आणि दोन्ही एकाच इश्यू ट्रॅकरमध्ये, म्हणजे तक्रारींच्या यादीत, येऊन पडतात, म्हणून गल्लत होते. पण सूचना आली की ती पटते का, हे तपासायचं असतं. अडचण आली की ती खरी आहे का, हा प्रश्नच उरत नाही. माणूस तिथे अडलेला आहे.

सूचना कमी प्रतीची असते असं मात्र नाही. जाणकार वाचक एखाद्या सेटिंगची डॉक्समध्ये चुकीची दिलेली मूळ (डीफॉल्ट) किंमत दाखवतो आणि दुरुस्तीची पुल रिक्वेस्टही, म्हणजे तयार बदल स्वीकारण्याची विनंतीही, पाठवतो, तेव्हा अडचण आणि उपाय एकत्रच हातात येतात. अशी पुल रिक्वेस्ट महिनोन्महिने पडून राहू देऊ नये. पण असे वाचक थोडे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने 2017 मध्ये केलेल्या ओपन सोर्स सर्वेक्षणात 93 टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं डॉक्युमेंटेशन ही समस्या अनुभवल्याचं सांगितलं. योगदान देणाऱ्यांपैकी 60 टक्के लोक मात्र डॉक्सला क्वचितच हात लावतात किंवा लावतच नाहीत. अडणारे पुष्कळ आणि दुरुस्त करणारे मोजके, म्हणून अडचण बोलकी करणं हे मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, काम आहे, असं मला वाटतं.

पानाखालचं ‘हे पान उपयोगी पडलं का? हो / नाही’ हे बटण यात कितपत मदत करतं? कुबरनेटीस या सॉफ्टवेअरच्या डॉक्सवर ते आहे, एमडीएन या वेब डेव्हलपरांसाठीच्या माहितीस्थळावरही आहे. शंभर पानांपैकी आधी कोणतं उघडायचं, एवढं त्यातून कळतं. नुसत्या ‘नाही’मध्ये सूचनाही नसते आणि अडचणीची जागाही नसते.

जागा हवी असेल तर प्रश्नच तसा विचारावा लागतो. ‘डॉक्स सुधारण्यासाठी काय करावं?’ असं विचारलं की सूचनाच येणार. इश्यूच्या (तक्रारीच्या) ठरावीक नमुन्यात मी एवढंच विचारेन: तुम्ही काय करायला निघाला होता? कोणत्या वाक्यापर्यंत सगळं ठीक चाललं? मग काय टाइप केलं आणि स्क्रीनवर काय आलं? आवृत्ती कोणती? ‘कोणत्या वाक्यापर्यंत’ हा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण त्याचं उत्तर द्यायला वाचकाला तज्ज्ञ असावं लागत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे शेजारी बसून बघणं. वाचकाने मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करायचं आणि आपण गप्प राहायचं. हे गप्प राहणं भलतंच जड जातं. ‘अहो, ते खालच्या परिच्छेदात आहे,’ हे वाक्य ओठांवर येतं, आणि तेच वहीत टिपायचं असतं: माहिती खाली आहे, गरज वर आहे. अशा चाचण्यांसाठी वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी 2000 साली पाच माणसांचा आकडा सुचवला होता. लहान प्रकल्पाला दोन जण मिळाले तरी पुष्कळ हाती लागतं.

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या मॅन्युअलमध्ये फंक्शनच्या पानाखाली वाचकांच्या टिपा असतात. ‘हे असं चालत नाही, त्याऐवजी असं लिहा’ अशी टीप दिसते सूचनेसारखी, पण तिच्या पहिल्या अर्ध्या भागात अडचण असते. तो भाग उचलून मूळ मजकूर दुरुस्त केला, की पुढच्या वाचकाला टिपांपर्यंत खाली जावं लागत नाही.

आणि इश्यू बंद करताना कोणतं वाक्य बदललं, ते त्या वाचकाला कळवावं. त्याने सुचवलेला व्हिडिओ झाला नसेल, तर का झाला नाही, हेही त्याच उत्तरात लिहावं.